इंटरकूलरमधला गाळ

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे तुम्ही हाताने अनुभवले असेल. वायू झपाट्याने दाबला की त्याचे तापमान वाढते. मालमोटारीच्या डिझेल एंजिनातही हेच घडते. तेथे बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर फिरणारा टर्बोचार्जर हवा दाबून एंजिनाकडे पाठवतो.

समजा, ३० अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली. यंत्रातील अपव्यय जमेस धरता ती सुमारे १२५ अंशांवर, म्हणजे ३९८ केल्विनवर जाते. तापलेली हवा विरळ. म्हणून दाबाचा लाभ काही अंशी वाया जातो. यासाठी वाटेत इंटरकूलर बसवतात. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांची ही चौकट, दोन्ही बाजूंना एकेक पेटी. त्यातून जाताना हवा ५५ अंशांपर्यंत, म्हणजे ३२८ केल्विनपर्यंत निवली, तर त्याच दाबाला तिची घनता ३९८ भागिले ३२८, म्हणजे सुमारे १.२१ पट होते. सिलिंडर तेवढाच, हवा मात्र एकवीस टक्के अधिक!

आता गॅरेजात नेहमी घडणारा एक प्रकार पाहा. टर्बोचार्जरचे पाते तुटते. मालक नवा टर्बोचार्जर बसवतो, इंटरकूलर मात्र जुनाच, न धुता. गाडी काही दिवस उत्तम चालते आणि मग एंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात. दोष नव्या यंत्राला दिला जातो. वास्तविक जुन्या पात्याचा चुरा इतके दिवस इंटरकूलरमध्ये दबा धरून बसलेला असतो.

तो तेथेच का थांबला? नदी धरणात शिरली की तिचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो, तसेच हे. हवा आणणाऱ्या पाइपाचे छेदक्षेत्र २८ चौ. सेंमी. आणि सर्व चपट्या नळ्यांचे मिळून ११२ चौ. सेंमी. असेल, तर आत वेग जवळजवळ चौथाई होतो. कणावर पडणारा हवेचा रेटा साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तो सोळाव्या हिश्शावर येतो. पाइपातून उडत आलेला कण येथे खाली बसतो आणि गळून आलेल्या तेलात चिकटतो. पुढे तेल तापून पातळ झाले, रस्त्याचे हिसके बसले, की तो सुटतो. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या व झाकणाच्या मध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा उरते. हवा दाबली जाते, धातूचा कण दाबला जात नाही!

साचलेले तेलही निरुपद्रवी नाही. ते एकदम ओढले गेले तर इंधनासारखे जळते. डिझेल एंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे किल्ली फिरवूनही एंजिन थांबत नाही. वेग अनावर वाढत जातो.

नुसती हवा मारून हा गाळ का निघत नाही, हे तुम्ही विजेच्या धड्यावरून सांगू शकाल. नळ्या समांतर जोडलेल्या रोधांसारख्या असतात. हवा मोकळ्या नळ्यांतून निघून जाते, तुंबलेली नळी तशीच राहते. म्हणून अनुभवी मिस्त्री इंटरकूलर खाली उतरवतात, त्यात तेल विरघळवणारे द्रावण भरून काही वेळ भिजू देतात, हलवतात आणि नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने धुतात. कण ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाणे सोपे, नाही का? निघालेले द्रावण पांढऱ्या फडक्यातून गाळतात. फडक्यावर चकाकणारे कण दिसेनासे होईपर्यंत हे पुनःपुन्हा करावे लागते. लोहचुंबकाचा येथे उपयोग नाही, कारण पाते बहुधा ॲल्युमिनियमचे असते. शेवटी इंटरकूलर पूर्ण वाळवायचा, कारण उरलेले द्रावणही इंधनच ठरते. हे काम उघड्यावर, ज्योतीपासून दूर करायचे.

काही इंटरकूलरांच्या नळ्यांत आतूनही बारीक पापुद्रे असतात. त्यांत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पुरता निघेल याची खात्री नसते. पाते फुटले असेल तर नवाच घ्या, असे अनेक उत्पादक सांगतात ते यामुळेच. खर्च मोठा आहे खरा, पण एंजिन त्याहून महाग.

नवा कोरा इंटरकूलरही बसवण्यापूर्वी आतून पाहावा. तोंडावरची प्लॅस्टिकची टोपणे काढायची राहून जातात. आणि धुतलेल्याची तोंडे बंद करायला चिंधीचा बोळा तर मुळीच कोंबू नये. बाहेरून बसणारे टोपण लावावे. चिंधी आत विसरली, तर एवढी धुलाई करून आपणच पुन्हा कचरा भरला असे व्हायचे.