तुरमय राजा आणि सोपाऱ्याची वाट

इजिप्तचे राजे म्हटले की आपल्याला पिरॅमिड, ममी आणि तुतानखामेनचा सोन्याचा मुखवटा आठवतो. पण त्याच गादीवर बसलेल्या एका राजाचे नाव भारतातल्या शिलालेखांत कोरलेले आहे, आणि सम्राट अशोकाचा काळ ठरवताना ते नाव फार मोलाचे ठरले. या गोष्टीचे एक टोक मुंबईत आहे. फणसवाडीच्या रहिवाशाने गिरगावला मेट्रो पकडली, तर तिसरे स्थानक हुतात्मा चौक. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे बेसॉल्टच्या फुटक्या शिळेवर ब्राह्मी अक्षरे दिसतात. हा सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, अशोकाचा लेख.

अशोकाने चौदा लेखांची एक मालिका आपल्या साम्राज्याच्या कडेकडेने खडकांवर कोरवली. त्यातल्या आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्याला मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये हाती आला. म्हणजे सगळी मालिका इथे होती, असा अभ्यासकांचा कयास आहे. याच मालिकेतल्या तेराव्या लेखात अशोक पाच परदेशी राजांची नावे घेतो. गिरनारच्या प्रतीत जेम्स प्रिन्सेपने १८३८ मध्ये त्यातले एक नाव ओळखले: तुरमय, म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी.

त्या पाच नावांनी इतिहासाला तारीख दिली. ग्रीक नोंदींमुळे या राजांच्या कारकिर्दी ठाऊक आहेत. पाचही जण एकाच वेळी गादीवर होते असा काळ फार थोडा, इ.स.पू. २६१ नंतरची जेमतेम दहा वर्षे. तेरावा लेख त्याच काळातला असला पाहिजे. त्यावरून मागे मोजत अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास येतो, आणि मौर्यांचा सारा कालक्रम या खुंटीला बांधता येतो.

टॉलेमी घराणे मूळचे मॅसेडोनियाचे, अलेक्झांडरच्या एका सेनापतीचे. पण इजिप्तच्या मंदिरांच्या भिंतींवर ते फॅरोच्याच वेशात कोरलेले आहेत. दुसऱ्या टॉलेमीला लढाईसाठी हत्ती हवे होते. ते पूर्व आफ्रिकेतून जहाजाने आणण्यासाठी त्याने तांबड्या समुद्रावर बंदरे उभारली. त्यातले एक बेरेनिके, राजाच्या आईच्या नावाचे. सुएझच्या दक्षिणेला सुमारे ८०० किलोमीटरवर, ऐन वाळवंटात.

इतक्या दूर का? उत्तर वाऱ्यात आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षभर बहुतेक वेळा उत्तरेकडूनच वारा वाहतो. शिडाच्या जहाजाला त्याच्या तोंडावर सुएझपर्यंत जाणे म्हणजे आठवड्यांची दगदग. त्यापेक्षा दक्षिणेला माल उतरवायचा, उंटांवर लादून बारा दिवसांत नाईलकाठचे कोप्टोस गाठायचे आणि पुढे नदीच्या प्रवाहाबरोबर अलेक्झांड्रियाकडे निघायचे, हे परवडणारे होते.

तिथून पुढे भारताच्या वाटेची किल्ली मोसमी वाऱ्यांची. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि विषुववृत्त ओलांडून आलेले वारे पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात. हिवाळ्यात सगळे उलटे होते. जहाजे जुलैत इजिप्त सोडत आणि पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरच्या सुमारास इथे लागत. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात लोटणाऱ्या कोळ्यांना हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. परतीची वाट ईशान्येचे वारे देत.

इ.स.पू. ११८ च्या सुमारास आठव्या टॉलेमीच्या काळात युडोक्सस नावाचा दर्यावर्दी भारतात येऊन गेला. त्याला वाट दाखवली ती तांबड्या समुद्रात सापडलेल्या एका भारतीय खलाशाने, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. आणलेला मौल्यवान माल मात्र राजाने काढून घेतला. बंदरे राजांनी बांधली, नफाही त्यांनीच लाटला. वाऱ्याचे ज्ञान इथल्या खलाशांकडे आधीपासून होते. इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्रा गेली, इजिप्त रोमच्या हाती आले आणि राजांची मक्तेदारी संपताच हा व्यापार कितीतरी पटींनी वाढला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ‘पेरिप्लस’ हे ग्रीक प्रवासपुस्तक सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे नावानिशी सांगते.

बेरेनिकेत १९९४ पासून उत्खनन चालू आहे. तिथल्या मंदिरात एका रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली, तीही भारतातली. जुन्या जहाजांचे सागवान निघाले. २०२३ मध्ये बुद्धमूर्तीची बातमी आली आणि तिच्याबरोबर दुसऱ्या शतकातल्या दोन सातवाहन नाण्यांचीही. पैठणच्या राजांचे नाणे फॅरोंच्या वाळवंटात!

पिरॅमिड हे राजांनी स्वतःच्या मरणासाठी बांधले. माझ्या लेखी त्यांचा खरा वारसा ही बंदरे, कारण ती जिवंत माणसांच्या कामी आली आणि बांधणारे घराणे बुडाल्यावरही शतकानुशतके चालली.

तुरमयाचे नाव असलेला तेरावा लेख सोपाऱ्याला अजून सापडलेला नाही. तिथे आज दाट वस्ती आहे, रोज कुठे ना कुठे पाया खणला जातो. वसई-विरार भागातल्या वाचकांना एवढीच विनंती: खोदताना अक्षरांचा दगड निघाला, तर तो जोत्यात चिणू नका. पुरातत्त्व विभागाला कळवा.