एल्क कुणाचा? घरच्या शिकाऱ्याचा की बाहेरच्याचा

आजचा विषय वाचून काहींनी आम्हाला आधीच विचारलं, की अहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे, मग अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या भांडणात आपल्याला कशाला नेता? कारण प्रश्न ओळखीचा आहे. वस्तू मोजकी, मागणारे फार, आणि मालकी सगळ्यांची. मग घरच्याला झुकतं माप किती द्यायचं? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पदवीच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याला जातात आणि बाकीच्या जागांसाठी डोमिसाईल दाखवावं लागतं, हे ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना सांगायला नको. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत हाच वाद एल्कवरून चालतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड असं हरीण.

सुरुवात मोंटानापासून करू. १९७६ साली मोंटानाच्या रहिवाशाला एल्कच्या शिकारीचा परवाना ९ डॉलरला मिळायचा. बाहेरच्याला नुसता एल्कचा परवाना मिळतच नसे. त्याला एल्क, हरीण, काळं अस्वल, पक्षी, मासे असा सगळा एकत्रित परवाना घ्यावा लागे, आणि त्याची किंमत २२५ डॉलर. तोच एकत्रित परवाना स्थानिकाला ३० डॉलरला. म्हणजे एकत्रित घेतला तर साडेसातपट, आणि फक्त एल्कच हवा असेल तर पंचवीसपट! मिनेसोटातले काही शिकारी आणि बाहेरच्या शिकाऱ्यांची सोय करून पोट भरणारा मोंटानाचाच एक व्यावसायिक असे मिळून कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. राज्यघटना सांगते, की एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात परक्यासारखं वागवू नका. मग हे काय?

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मोंटानाच्या बाजूने निकाल दिला. त्यातला तर्क नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. न्यायालय म्हणालं, की राज्याराज्यांत भेदभाव करायचा नाही हे खरं, पण ते ज्या हक्कांवर देश एकसंध राहतो त्यांच्यापुरतं. बाहेरून येऊन एल्क मारणं ही हौस आहे, चरितार्थ नव्हे. याच्या शेजारी १९४८ चा एक निकाल ठेवा. साउथ कॅरोलायनाने कोळंबी पकडणाऱ्या बोटींवर शुल्क लावलं होतं, घरच्या बोटीला २५ डॉलर आणि बाहेरच्या बोटीला २५०० डॉलर. तिथे न्यायालयाने राज्याला चपराक दिली, कारण कोळंबीवर माणसांचं पोट होतं. पोटाला संरक्षण आहे, हौसेला नाही, अशी ही विभागणी.

पण मुळात राज्याला हा अधिकार आला कुठून? १८९६ साली कनेक्टिकटच्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं, की रानातला प्राणी हा राज्यातल्या जनतेच्या सामाईक मालकीचा असतो आणि राज्य ती मालकी जनतेच्या वतीने सांभाळतं. पुढे १९७९ मध्ये, मोंटानाच्या निकालानंतर वर्षभरातच, ओक्लाहोमातल्या चिमुकल्या माशांच्या खटल्यात न्यायालयाने हा मालकीचा सिद्धांत मोडीत काढला. राज्य मालक नाही. पण प्राण्यांचं रक्षण करणं, किती मारायचे ते ठरवणं, हे काम राज्याचंच राहिलं. थोडक्यात मालकाचा विश्वस्त झाला. आता विश्वस्ताने कुणासाठी राखायचं? राज्यातल्या माणसांसाठी की सगळ्यांसाठी?

स्थानिकांची बाजू आम्हाला जड वाटते ती हिवाळ्यामुळे. उन्हाळ्यात एल्क उंच डोंगरावर असतात, आणि ते बघायला सगळ्यांनाच आवडतं. बर्फ पडलं की तेच कळप खाली दरीत उतरतात, आणि दरीत कुणाची तरी रँच असते. गुरांसाठी रचून ठेवलेल्या गवताच्या गंज्या फस्त होतात, कुंपणं मोडतात. रात्री गाडीसमोर जनावर येतं ते तिथल्याच माणसाच्या. शिवाय पगार कमी, शहर लांब, आणि तरीही माणसं तिथे राहतात; त्यातल्या कित्येकांच्या घरी वर्षभराचं मांस त्या एका एल्कमधून येतं. त्यांना विचारा, हौस की पोट. न्यायालयाने आखलेली रेघ त्यांच्या फ्रीजमध्ये पुसट होते.

दुसरी बाजू पैशाची. पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत वन्यजीव खातं बरंचसं परवान्यांच्या शुल्कावर चालतं, आणि बाहेरच्यांचे परवाने संख्येने थोडे असले तरी पैशाने भारी पडतात. मोंटानात २०१० मध्ये लोकांनी थेट मतदान करून बाहेरच्यांचा एकत्रित एल्क परवाना ६२८ डॉलरवरून ८९७ वर नेला. (त्याच मतदानाने व्यावसायिकांच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले परवानेही रद्द केले. त्याकडे आपण परत येऊ.) यावर १९३७ चा एक संघीय कायदा आहे. त्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो. तो पैसा राज्याचं क्षेत्रफळ आणि तिथले परवानाधारक यांच्या हिशेबाने वाटला जातो, आणि मंजूर कामाच्या खर्चाचा पाऊण हिस्सापर्यंत भार उचलतो. म्हणजे फ्लोरिडातला एक माणूस दुकानात काडतुसाचा डबा घेतो, तेव्हा तो मोंटानाच्या एल्कसाठीही वर्गणी देत असतो. त्याला सोडतीत मात्र शेवटच्या रांगेत उभं करायचं.

सोडत हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण ती म्हाडाच्या घरांसारखीच असते. चांगल्या भागातले परवाने थोडे, अर्ज भरमसाट. बऱ्याच राज्यांत नाव न लागलेल्याला दरवर्षी एक गुण मिळतो, गुण साठले की शक्यता वाढते. ॲरिझोनात मोठ्या शिकारीच्या परवान्यांपैकी फार तर १० टक्के बाहेरच्यांना. वायोमिंगमध्ये जंगली मेंढ्याच्या परवान्यांत पूर्वी बाहेरच्यांचा पाव हिस्सा होता, तो २०२३ च्या हंगामापासून दहा टक्क्यांवर आला. आता ज्या माणसाने दरवर्षी पैसे भरून वीसवीस वर्षं गुण साठवले, त्याचं काय? कायद्याने त्याचं काही देणं लागत नाही. पण डाव चालू असताना नियम बदलला ही त्याची तक्रार आम्हाला खोटी वाटत नाही.

त्यात जमिनीचा गुंता आहे. नेवाडाची सुमारे ८० टक्के जमीन संघीय सरकारची, वायोमिंगची जवळजवळ निम्मी. ती देशाच्या सगळ्या नागरिकांची. तिथे कुणीही तंबू ठोकावा, पायी भटकावं. जमीन देशाची, पण तिच्यावर चरणारा एल्क राज्याच्या ताब्यातला! वायोमिंगमध्ये याचं एक टोक दिसतं. बाहेरच्या शिकाऱ्याला संघीय राखीव रानात मोठ्या जनावराच्या शिकारीला जायचं तर सोबत परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी असलाच पाहिजे. कारण सुरक्षिततेचं दिलं जातं. पण तोच माणूस रायफल घरी ठेवून त्याच रानात आठवडाभर एकटा फिरला, मासे पकडत बसला, तर कुणी अडवत नाही. एकट्याला धोका असेल तर तो गळ टाकतानाही असतो ना? हा नियम रहिवासी शिकाऱ्यासाठी नाही, वाटाड्यांच्या धंद्यासाठी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

न्यू मेक्सिकोचंही तसंच. तिथे सोडतीतले ८४ टक्के परवाने रहिवाशांना, ६ टक्के बाहेरच्यांना, आणि उरलेले १० टक्के जे व्यावसायिकाशी आधी करार करतात त्यांना. म्हणजे सुट्टीसाठी पैसे जमवणाऱ्या सुताराला ६ टक्क्यांची रांग, आणि ज्याच्या खिशात काही हजार डॉलर जास्त आहेत त्याच्यासाठी शेजारी वेगळं दार. मोंटानाच्या मतदारांनी २०१० मध्ये नेमकं हेच दार बंद केलं. अग्रक्रम घरच्याला देणं वेगळं, आणि घरच्याच्या नावाने पैसेवाल्या पाहुण्याला आत घेणं वेगळं. वाद बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीवर होतो आणि दुसरी मागच्या दाराने निघून जाते.

२००२ मध्ये पारडं फिरेल असं वाटलं होतं. ॲरिझोनाच्या त्या १० टक्क्यांच्या मर्यादेवर एका संघीय अपील न्यायालयाने म्हटलं, की शिकारीला येणारी माणसं, शिंगं, मांस हा आंतरराज्य व्यापार आहे, आणि त्यात असा अडथळा घालायचा तर राज्याला फार कडक कसोटी पार करावी लागेल. पश्चिमेकडची राज्यं हादरली. मग नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये काँग्रेसने कायदाच केला, की शिकार आणि मासेमारीत रहिवासी व बाहेरचे असा भेद राज्यांनी करावा, व्यापाराच्या कलमाचा अडसर येणार नाही. तेव्हापासून कोर्टाचा रस्ता जवळपास बंद आहे. आता भांडण विधिमंडळात होतं, आणि तिथे बाहेरच्याला मत नाही. म्हणूनच कोटा ठरवणाऱ्यांवर हिशेब उघडा मांडायची जबाबदारी जास्त येते. जनावर दुर्मिळ आहे म्हणून बाहेरच्यांना दहाच टक्के, हे आम्हाला पटतं. दहा टक्के आणि वर वाटाड्याची सक्ती, हे पटत नाही.

आता ‘रहिवासी’ म्हणजे कोण? मोंटानात सलग १८० दिवस राहिलात की तुम्ही घरचे. वायोमिंगला वर्ष लागतं. गेल्या वसंतात मोठं घर घेऊन आलेला माणूस घरचा, आणि तिथेच जन्मून नोकरीसाठी डेन्व्हरला गेलेला मुलगा पाहुणा. अलास्कात तर याहून पुढची फाटाफूट झाली. १९८० च्या संघीय कायद्याने संघीय जमिनीवर पोटापुरत्या शिकारीत ग्रामीण रहिवाशांना आधी हक्क दिला. १९८९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की असा ग्रामीण-शहरी भेद राज्याच्या घटनेत बसत नाही. परिणाम असा, की १९९० पासून संघीय जमिनीवरची ही व्यवस्था केंद्र सरकारने हातात घेतली.

आणि सगळ्यात जुने रहिवासी? कनेक्टिकटचा तो निकाल ज्या १८९६ सालचा, त्याच साली न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. वायोमिंग राज्य झालं, त्याबरोबर बॅनॉक जमातीचा करारातला शिकारीचा हक्क संपला, असा. हा तर्क शंभरहून जास्त वर्षं टिकला. २०१४ मध्ये क्रो जमातीचे काही लोक मोंटानातल्या आपल्या राखीव प्रदेशातून एल्कच्या मागावर निघाले आणि वायोमिंगच्या बिगहॉर्न राष्ट्रीय वनात शिरले. तिथे त्यांनी एल्क मारले. वायोमिंगने त्यांच्यातल्या एकावर बिनपरवाना, हंगामाबाहेर शिकार केल्याचा खटला भरला. त्याने १८६८ चा करार पुढे केला. त्यात क्रो लोकांना अमेरिकेच्या बिनवस्तीच्या जमिनींवर शिकारीचा हक्क राखून ठेवलेला होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, की राज्य जन्माला आलं म्हणून करार मरत नाही. पण ते वन करारातल्या अर्थाने ‘बिनवस्तीचं’ आहे का, हे ठरवायला खटला परत वायोमिंगच्याच न्यायालयांकडे पाठवला.