रॅम चार जीबी, दिसते मात्र तीनच!

जुना संगणक मंदावला, की नवा घेण्यापेक्षा रॅम वाढवणे अनेकांना परवडते. मात्र नवी रॅम बसवूनही लिनक्समध्ये ती पूर्ण दिसली नाही, तर रॅमच सदोष असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा अन्यत्र असतो. त्यामुळे पुन्हा खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने तपासणे श्रेयस्कर ठरते.

प्रथम बायॉस पाहावे. तेथेच आकडा कमी असेल, तर लिनक्सचा दोष नाही. संगणक बंद करून, वीजजोडणी काढून रॅम पुन्हा घट्ट बसवावी. स्लॉट बदलून पाहावा. मदरबोर्ड कमाल किती रॅम स्वीकारतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

बायॉसमध्ये आकडा पूर्ण, पण लिनक्सच्या 'फ्री' या आज्ञेत कमी असेल, तर 'यूनेम -एम' ही आज्ञा द्यावी. उत्तर 'आय६८६' आल्यास कर्नल ३२ बिटचा आहे. मेमरीतील प्रत्येक बाइटला घरक्रमांकासारखा पत्ता लागतो. ३२ बिटमध्ये असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजेच चार जीबी मावतात. त्यांतील काही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठी राखीव असल्याने चारपैकी तीन-साडेतीन जीबीच हाती लागते.

यावर इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रो प्रोसेसरमध्ये 'पीएई' ही सोय आणली. तिच्या ३६ बिटच्या पत्त्यांमुळे ६४ जीबीपर्यंतची मर्यादा खुली झाली. मात्र कर्नलमध्ये पीएई आणि बायॉसमध्ये 'मेमरी रीमॅप' सुरू असणे आवश्यक असते. प्रोसेसर ६४ बिटचा असल्यास, माहितीची प्रत काढून ६४ बिटचे लिनक्स बसवणे हाच टिकाऊ उपाय होय. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तर ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलरच दिलेला नाही. प्रोसेसर कोणता, हे 'एलएससीपीयू' ही आज्ञा सांगते.

कर्नल ६४ बिटचा असूनही तूट मोठी असेल, तर बूट करतानाच्या ओळीत 'मेम=' अशी मर्यादा राहून गेली आहे का, हे पाहावे. मदरबोर्डवरील ग्राफिक्स मेमरीचा वाटा घेते आणि कर्नलही थोडी स्वतःकडे राखतो. ही किरकोळ तूट म्हणजे बिघाड नव्हे.

एवढे करूनही शंका उरल्यास 'मेमटेस्ट८६+' ही चाचणी काही तास चालवावी. तिच्यात त्रुटी आढळल्या, तरच रॅम बदलण्याचा विचार करावा.