ट्रंकेतली नोट आणि पुस्तकातला भाव

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घोडेगावात कुणाकडे उर्दू कागद निघाला की तो माझ्याकडे येतो. मोडीसाठी वेगळे गृहस्थ आहेत, उर्दूसाठी मी. या कागदांबरोबर अधूनमधून नोटाही येतात. आमच्या नेवासे तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी. नदीच्या अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा आणि प्रवरासंगमाहून पलीकडे पाऊल टाकलं की निजामाचं राज्य, अशी परिस्थिती १९४८ पर्यंत होती. पलीकडचे सोयरे, पलीकडचे बैल आणि पलीकडचे पैसेही अलीकडे येत. त्यामुळे घरातल्या जुन्या ट्रंकेत निजामाची नोट सापडली, तर आम्हाला नवल वाटत नाही.

नवल वाटतं ते पुढच्या प्रश्नाचं. नोट हातात देऊन माणूस पहिलं काय विचारतो? ‘किती लाख येतील?’

मी सांगतो, आधी नोट कोणती ते ठरवू, मग भावाचं बघू. त्यासाठी पुस्तकं आहेत. जगभरच्या नोटांसाठी आल्बर्ट पिक या जर्मन अभ्यासकाने सूची तयार केली. तिच्यावरून ‘पिक नंबर’ हा शब्दच संग्राहकांच्या तोंडी बसला. आपल्या नोटांसाठी किशोर झुनझुनवाला यांची मार्गदर्शिका आहे. रेझवान रझाक यांच्यासह केलेली तिची सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये आली. जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, पण घाबरायचं कारण नाही. त्यात वाचायचं कमी आणि ताडून पाहायचं जास्त.

ताडायचं कसं? पहिला प्रश्न, नोट काढली कुणी? रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ च्या जानेवारीत आली. त्याआधीच्या नोटा हिंदुस्थान सरकारच्या. एक रुपयाची नोट तर आजही सरकारचीच असते. तिच्यावर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवांची असते. एवढी एक गोष्ट कळली की पुस्तकाची निम्मी पानं बाजूला होतात.

दुसरा प्रश्न सहीचा, आणि खरी गंमत इथेच आहे. चित्र तेच, रंग तोच, किंमत तीच. सही बदलली की पुस्तकात नोंद वेगळी. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. नोटा निघण्याआधीच ते पायउतार झाले होते. आपले चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ गव्हर्नर होते, त्यांची सही पुष्कळ नोटांवर सापडते. के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना त्या खुर्चीत बसले. गव्हर्नर म्हणून त्यांच्या सहीची नोट नाही, मात्र वित्त खात्यात असताना केलेली त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवर आहे. आणि बी. एन. आडारकर! १९७० च्या मे-जूनमध्ये अवघे ४२ दिवस. गांधी जन्मशताब्दीच्या नोटा तुम्हाला आठवत असतील, सेवाग्रामच्या आश्रमापुढे बसलेले बापू. त्यांपैकी काहींवर लक्ष्मीकांत झा यांची सही आहे, काहींवर आडारकरांची. संग्राहक आडारकरांची सही शोधत असतात. हे नुसत्या नजरेला कळत नाही, सह्यांच्या छायाचित्रांचं पान उघडावं लागतं.

निजामाच्या नोटेला मात्र भाषा यावी लागते. १९१८ च्या हैदराबाद चलन कायद्याने त्या सुरू झाल्या, उस्मानिया सिक्का या नावाने. आधी दहा आणि शंभराच्या, १९१९ मध्ये एक आणि पाचाच्या, १९२६ मध्ये हजाराची. पुढे त्या आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडही आहे. वर्ष दिसतं ते फसली. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो. हे ठाऊक नसेल तर माणूस नोट सहाशे वर्षांची समजून बसतो. मला तसे भेटलेलेही आहेत!

एक नोट माझ्या जिव्हाळ्याची आहे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. दहाची निळी, शंभराची लाल, वर इंग्रजीत ‘हज’ हा शब्द आणि क्रमांकाच्या आधी ‘एचए’ ही अक्षरं. यात्रेकरू तिकडे त्या बदलून सौदी पैसे घेत, म्हणूनच त्या घरात उरल्या नाहीत. त्याच वर्षी आखाती देशांसाठी निराळ्या रंगाच्या नोटा निघाल्या, त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’. कुवेत, बहारीनमध्ये तेव्हा आपला रुपया चालत होता, हे आज सांगूनही खरं वाटत नाही.

कवी म्हणून एक तपशील मला भारी आवडतो. स्वातंत्र्यानंतर हिंदीत ‘रुपया’चं अनेकवचन काय, यावर वाद झाला आणि १९५३ च्या सुमारास ‘रुपये’ हे रूप नोटेवर पक्कं झालं. त्यामुळे ‘दो रुपया’ असं छापलेली दोनची नोट मिळाली, तर समजावं ती आधीची. व्याकरणाने वस्तूचं वय कळावं, असं फार ठिकाणी होत नाही.

आता भाव. पुस्तकात एकाच नोटेपुढे दोन-चार रकाने असतात, नोटेच्या अवस्थेप्रमाणे. कधीच न वापरलेल्या कोऱ्या नोटेचा भाव वेगळा, घडी पडलेलीचा वेगळा, टाचणीची भोकं असलेलीचा आणखी खाली. म्हणून नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पुस्तकातला आकडा हा अंदाज आहे. दुकानदार त्याहून कमीच देणार, त्यालाही पोट आहे.

‘७८६’ क्रमांकाची नोट घेऊनही लोक येतात. माझ्याकडेच का, ते वेगळं सांगायला नको. हा आकडा बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीने केलेली बेरीज आहे. हौसेने कुणी जास्त पैसे देईलही, पण दर हजार क्रमांकांत एका नोटेचा शेवट ७८६ ने होतोच. तिला दुर्मिळ कसं म्हणावं?

गेल्या वर्षी गावातला एक कॉलेजचा मुलगा आला. ट्रॅक्टरच्या चित्राच्या पाच रुपयांच्या नोटेला पाच लाख देतो, असा त्याला फोन आला होता. ‘नोंदणी फी’ म्हणून त्याने दीड हजार भरले होते आणि आता ‘कर’ म्हणून आठ हजार मागत होते. ते आईच्या दूध-डेअरीच्या पैशांतून द्यायचे होते. मी त्याला सांगितलं, ही नोट अमाप छापली गेली आहे आणि आजही पाच रुपयांना चालते. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती अशी फी घेत नाही. आठ हजार वाचले, दीड हजार गेले ते गेलेच.

आणखी एक. २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा ‘पुढे भाव येईल’ म्हणून गठ्ठ्याने ठेवू नका. २०१७ च्या कायद्याने त्या एकूण दहाच बाळगता येतात. अभ्यास किंवा संग्रहासाठी असतील तर पंचवीस.

ज्यांना हे सगळं डोळ्यांनी पाहायचं आहे, त्यांच्यासाठी मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. जाताना नोट मात्र चपट्या वहीत ठेवून न्या, खिशात घडी घालून नको.