चेरीचा डबा उघडण्याआधी

ईद जवळ आली की मोहल्ल्यातल्या घराघरांत आता शीरखुर्म्याच्या मेव्याबरोबर आणखी एक यादी होते. चॉकलेट चिप्स, चेरी, बटर, बटरपेपर. मुलांना नानखटाई आवडते, पण कुकी जास्त आवडते. त्यातही लाल चेरी आणि काळ्या चॉकलेटचे तुकडे दिसणारी कुकी असेल तर डबा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. ही कुकी घरी करणे अवघड नाही. अर्ध्या तासाची तयारी आणि बारा मिनिटांचा ताव, एवढेच काम आहे. पण कृतीकडे वळण्याआधी तिच्यात पडणाऱ्या दोन मुख्य वस्तूंची ओळख करून घेऊ, कारण त्या दोघींचीही नावे फसवी असू शकतात.

भट्टीवर जाणारे ताट

आमच्या अम्मी-नानीच्या पिढीत घरात ओव्हन नव्हते. ईदेच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर आणि वेलची एकत्र मळून नानखटाईचे गोळे ताटात लावले जात आणि ते ताट गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर पाठवले जाई. आपले ताट ओळखू यावे म्हणून कोणी गोळ्यावर बोटाचा ठसा उमटवी, कोणी चारोळी लावी. भाजणारा परका असला तरी ताटात काय आहे हे घरच्या बाईला पक्के ठाऊक असे. सगळे तिनेच घातलेले असे.

आज ओव्हन घरात आला आणि जिन्नस बाहेरून बंद पुडीत येऊ लागले. भाजणे आपल्या हातात आले, पण आत काय आहे हे जाणून घेण्यासाठी पुडीवरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वाचनाच्या तासाला मुलांना घरून रिकामी वेष्टने आणायला सांगतो आणि त्यावरचे घटक वाचून घेतो. एकदा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, हिरवा ठिपका असला म्हणजे हलाल ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर अनेक मोठ्या माणसांनाही नीट देता येत नाही. त्या उत्तराकडे आपण चेरीच्या वाटेने जाऊ.

ही चेरी कुठली?

खरी चेरी थंड हवेचे फळ आहे. आपल्या देशात ती मुख्यतः काश्मीरमध्ये आणि काही प्रमाणात हिमाचल प्रदेशात पिकते. तिचा हंगाम मे ते जुलै एवढाच. काश्मीरमध्ये तिला 'गिलास' म्हणतात. हा शब्द फारसीतून आला, पाणी पिण्याच्या ग्लासशी त्याचा संबंध नाही. फारसीत गोड चेरी म्हणजे गिलास आणि आंबट चेरी म्हणजे आलूबालू.

मग केकवर, पानात, आइस्क्रीमवर आणि टुटीफ्रुटीशेजारी वर्षभर स्वस्तात मिळणारी ती लालभडक चेरी कुठून येते? डबा उलटा करून वाचा. अनेक डब्यांवर घटकांच्या यादीत 'करोंदा' हा शब्द सापडतो. करोंदा म्हणजे आपल्या करवंदाच्या कुळातले, आकाराने मोठे, गुलाबी-पांढरे फळ. डोंगराची काळी मैना म्हणून उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात विकले जाणारे करवंद आणि बेकरीची चेरी ही जवळची नातलग आहेत.

करोंद्याची चेरी होते ती अशी : फळे पूर्ण पिकण्याआधी तोडतात, चीर देऊन बिया काढतात, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक आणि तुरटपणा घालवतात, मग रंग देतात आणि दिवसागणिक घट्ट होत जाणाऱ्या साखरेच्या पाकात मुरवतात. त्यात वाईट काहीच नाही. मुरांबा, पेठा याच रीतीने होतात. पाहायचा असतो तो रंग.

चेरीला बहुधा एरिथ्रोसिन नावाचा कृत्रिम रंग देतात. वेष्टनावर तो 'आयएनएस १२७' असा लिहिलेला असतो. आंबट फळात हा रंग घट्ट बसतो, पाकात उतरत नाही, म्हणून कारखानदारांना तो सोयीचा. आपल्याकडे तो ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी आहे. युरोपात तो खाद्यपदार्थांत केवळ पाकातल्या आणि कॉकटेलच्या चेरीपुरताच चालतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना बदलासाठी जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. एखाद्या कुकीतले चार तुकडे खाल्ल्याने कोणी आजारी पडते असा याचा अर्थ नाही. पण रोज रंगीत गोळ्या, जेली, सरबत खाणाऱ्या लहान मुलाच्या पोटात हे सगळे मिळून जाते, हे घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवावे.

परदेशातून येणाऱ्या चेरीच्या बाटलीवर आणखी एक आकडा दिसू शकतो, १२०. हा कार्माइन नावाचा लाल रंग एका किड्यापासून काढतात. आणि 'मराश्चिनो' हे नाव दिसले तर थोडे थांबा. आता क्रोएशियात असलेल्या झादर भागातल्या आंबट चेरीपासून मराश्चिनो नावाची दारू बनवत आणि तीतच चेरी मुरवत. पुढे अमेरिकेत ओरेगॉनच्या विद्यापीठात अर्नेस्ट वीगँड यांनी १९२० च्या दशकात दारूविना मराश्चिनो चेरी करण्याची खारवलेल्या पाण्याची रीत सुधारली. म्हणजे एकाच नावाच्या दोन बाटल्यांपैकी एकीत दारू असेल, दुसरीत नसेल. नाव वाचून कळत नाही, घटक वाचावे लागतात.

हिरवा ठिपका काय सांगतो

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या देशातला हिरवा ठिपका सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. त्यामुळे प्राण्याची चरबी, जिलेटिन, किड्याचा रंग यांबद्दलची शंका बरीचशी मिटते. पण अल्कोहोल धान्यापासून किंवा फळापासून होते, ते शाकाहारीच ठरते. म्हणून हिरवा ठिपका अल्कोहोलबद्दल काहीही सांगत नाही. लिकर भरलेल्या चॉकलेटवरही तो असू शकतो.

हीच गोष्ट व्हॅनिलाची. व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' म्हणवून घ्यायला त्यात निदान ३५ टक्के अल्कोहोल असावे लागते. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त इसेन्समध्ये अल्कोहोलऐवजी दुसरे द्रावक असते, पण बाटलीगणिक फरक असतो. भाजताना त्यातले बरेचसे उडून जाते, आणि अशा अंशाबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. त्या चर्चेत आम्ही पडत नाही. ज्यांना शंका नको असेल त्यांनी व्हॅनिला पावडर घ्यावी, किंवा सरळ वेलची घालावी. चेरी आणि चॉकलेट दोघांशीही वेलचीचे चांगले जमते.

चॉकलेट की चॉकलेटसारखे

दुसरी वस्तू चॉकलेट चिप्स. दुकानात दोन पुड्या शेजारी असतात, एक जवळजवळ निम्म्या किमतीची. स्वस्त पुडीवर बारीक अक्षरात 'कंपाउंड' लिहिलेले असते. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्या बीचे लोणी, म्हणजे कोको बटर असते. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी दुसरे वनस्पती तेल घट्ट करून घातलेले असते. कोको बटर आपल्या अंगाच्या उबेच्या जवळपास वितळते, म्हणून खरे चॉकलेट जिभेवर विरघळते. कंपाउंड मेणासारखे टाळूला चिकटते. पूर्वी अशा घट्ट तेलात ट्रान्स फॅट फार असे. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातले त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवणे बंधनकारक झाले, हे चांगले झाले. तरीही घरच्यासाठी करताना थोडे कमी घालावे, पण खरे घालावे.

चॉकलेटचे तुकडे कुकीत घालण्याची रीत रूथ वेकफिल्ड या अमेरिकन बाईंची. गृहशास्त्र शिकलेल्या या बाई १९३० पासून पतीसोबत मॅसेच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी टोल हाउस नावाची खानावळ चालवत. त्यांची ही कृती १९३८ च्या पाककृतीच्या पुस्तकात छापली गेली आणि दुसऱ्याच वर्षी तयार चिप्स बाजारात आल्या. त्याआधी चॉकलेटची वडी सुरीने तोडूनच घालत. आजही चिप्स मिळाल्या नाहीत तर चांगल्या डार्क चॉकलेटची वडी हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत तोडून घाला, उलट चव वाढते.

आता कृती

साधारण २४ कुकींसाठी : मैदा १८० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी किंवा बटर ११५ ग्रॅम, बारीक साखर १४० ग्रॅम, काकवी १ मोठा चमचा, अंडे १, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, चॉकलेटचे तुकडे १२० ग्रॅम, चेरी ८० ग्रॅम.

परदेशी कृतींत ब्राउन शुगर लिहिलेली असते. ब्राउन शुगर म्हणजे साखर आणि उसाची मळी. आपल्याकडे उसाची काकवी असताना ती शोधत फिरायची गरज नाही. काकवीमुळे कुकी मधोमध मऊ राहते आणि तिचा किंचित आंबटपणा सोड्याला जागे करतो.

१. चेरी गाळणीत धुऊन पाक काढून टाका, फडक्यावर कोरडी करा, प्रत्येकीचे चार तुकडे करा आणि चमचाभर मैद्यात घोळवा. ओली चेरी पिठात गेली तर कुकी तिथे चिकट राहते.

२. बटर मऊ असावे, पातळ नको. त्यात साखर आणि काकवी घालून दोन-तीन मिनिटे फेटा. अंडे घालून पुन्हा फेटा.

३. मैदा, सोडा, मीठ, वेलची चाळून घाला आणि कालथ्याने हलक्या हाताने मिसळा. चपातीसारखे मळू नका, कुकी कडक होते. शेवटी चॉकलेट आणि चेरी.

४. पीठ झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या हवेत बटर लवकर सैल होते. गार न करता भाजले तर कुकी पापडासारखी पसरते.

५. लिंबाएवढे गोळे दोन-दोन इंच अंतरावर ठेवा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर ११ ते १२ मिनिटे. कडा सोनेरी आणि मध्य अजून मऊ दिसतो तेव्हाच बाहेर काढा. गरम ताटावरच पाच मिनिटे राहू द्या, तेवढ्यात ती बसते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचे पातेले घ्या. तळाशी जाडे मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. पाच-सहा गोळ्यांची ताटली आत ठेवून मंद आचेवर १८ ते २० मिनिटे भाजा. नॉनस्टिक भांडे यासाठी वापरू नका.

गोळे करून फ्रीजरमध्ये घट्ट डब्यात महिनाभर टिकतात. शाबानमध्ये करून ठेवले तर रमजानच्या गर्दीत हवे तेवढेच भाजता येतात.

पावसाळ्यात ताजा करोंदा मिळाला तर चेरी घरीही होते. चिरून, बिया काढून, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. धुऊन, दोन मिनिटे उकळून, पाणी काढा. मग तेवढ्याच वजनाच्या साखरेत बिटाच्या दोन चकत्या टाकून मंद आचेवर पाक घट्ट होईतो शिजवा. भाजल्यावर बिटाचा रंग थोडा तपकिरी होतो. तो दोष समजू नये.

डब्यावरची चिठ्ठी

आज आपल्या कितीतरी बहिणी ईदेसाठी कुकीचे डबे करून विकतात. घर सांभाळून चार पैसे मिळवण्याचा हा इज्जतीचा मार्ग आहे. विक्री करायची तर अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करावी लागते, ती जरूर करावी. पण त्याहून आधीची गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचा भरवसा. "आपा, तुमच्या हातचे आहे ना, मग बघायला नको," असे म्हणून लोक डबा नेतात. त्या आपाने स्वतः बघितलेले असले पाहिजे.

म्हणून आमची एक सूचना. डब्यात एक छोटी चिठ्ठी ठेवा : मैदा, बटर, अंडे, साखर, काकवी, करोंदा चेरी, चॉकलेट. कंपाउंड वापरले असेल तर कंपाउंडच लिहा. करोंद्याला करोंदा म्हणा. अंडे, दूध, गहू किंवा सुका मेवा ज्याला सोसत नाही त्याचाही त्यात बचाव आहे. कमाई हलाल असण्यात मालाबद्दल खरे बोलणेही येतेच. आणि हलालच्या जोडीने तय्यब, म्हणजे स्वच्छ आणि चांगले, हा शब्दही आपल्याला शिकवलेला आहे.

चिठ्ठी लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलामुलीला द्या. ग्रॅम मोजताना गणित होईल, घटक लिहिताना शुद्धलेखन होईल, आणि पुढच्या वेळी दुकानात ते मूल स्वतःहून पुडी उलटी करून पाहील.