भाग उजळला, म्हणून उत्तर बरोबर?

एलसॅट, जीमॅटसारख्या परीक्षांच्या तर्कप्रश्नात 'मेंदूच्या स्कॅनमध्ये आढळले की...' असं वाक्य आलं की विद्यार्थी हात टेकतात. 'स्कॅनमध्येच दिसलं ना सर, मग झालं की सिद्ध!' हे इतकं ऐकलंय की आता कान किटले.

सिद्ध काय झालं, ते तर बघा. असे स्कॅन करणारं एफएमआरआय यंत्र विचार किंवा भावना टिपत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जातं. यंत्र तो फरक नोंदवतं, तोही काही सेकंद उशिरा. चित्रातले लाल-पिवळे ठिपके संगणकाने नंतर भरलेले असतात.

2011 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या एका लेखाने दावा केला, की आयफोन दिसला-वाजला की लोकांच्या मेंदूतला इन्सुला हा भाग सक्रिय होतो, म्हणजे त्यांचं फोनवर खरंखुरं प्रेम आहे! रसेल पोल्ड्रॅक आणि चाळीसहून अधिक संशोधकांनी लगेच पत्र लिहून सुनावलं: इन्सुला तर जवळपास एक तृतीयांश मेंदू-स्कॅन अभ्यासांत सक्रिय दिसतो, मग त्यावरून प्रेम कसं ठरवणार? आपल्या न्यायशास्त्रात ही चूक केव्हाच पकडलेली आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो, अग्नीवरून धूर नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर कुठे असतो? प्रेमात इन्सुला सक्रिय होत असेलही, पण इन्सुला सक्रिय म्हणून प्रेम, हा उलटा प्रवास चालत नाही. परीक्षक नेमका इथेच सापळा लावतो.

बाकीचे गैरसमज फुटकळ. 'आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो': साफ खोटं. 'ठिपका दिसला म्हणजे काहीतरी असणारच': 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सॅमन माशाला माणसांचे फोटो दाखवून स्कॅन केलं, आणि संख्याशास्त्रीय दुरुस्ती न केल्यामुळे त्याच्याही मेंदूत 'हालचाल' दिसली! या प्रयोगाला 2012 चं इग नोबेल मिळालं.

'फरक दिसला म्हणजे कारण कळलं' हा मात्र गुण घालवणारा गैरसमज. लंडनच्या टॅक्सीचालकांचा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाला 2000 मध्ये आढळलं. रस्ते पाठ करून तो वाढला, की मुळात मोठा असलेलेच या धंद्यात टिकले? नुसत्या त्या स्कॅनवरून सांगता येत नाही. म्हणून 2011 च्या अभ्यासात टॅक्सीचालक होऊ पाहणाऱ्या 79 उमेदवारांचं प्रशिक्षणाआधीच स्कॅन झालं. पुढे 39 जण उत्तीर्ण झाले. नंतरच्या स्कॅनमध्ये वाढ त्यांच्यातच दिसली, नापास झालेल्यांत नाही. युक्तिवाद बळकट करणारा पर्याय विचारला असेल, तर असा आधी-नंतरचा पुरावा शोधा.