कानांनी पाहणाऱ्यांचा समुद्र

करकंब-पंढरपूर परिसरात पडलेला पाऊस भीमेतून कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. इथली माणसे मात्र समुद्र पाहायला घाट उतरून कोकणात जातात. सिंधुदुर्गात मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती या पट्ट्यात सुट्टीच्या दिवसांत डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी निघतात. निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर गुहाही आहेत. अशा सफरीचा हिशेब डोळ्यांचा असतो: किती डॉल्फिन दिसले, किती जवळून दिसले, मोबाइलमध्ये किती आले. पण ज्यांना पाहायला आपण जातो, ते जीव मुख्यतः कानांवर जगतात. म्हणून या पर्यटनाचे नियम केवळ अंतराचे असून भागणार नाही; आवाज, वेग आणि वेळ यांनाही मर्यादा हवी. त्यातच बोटवाल्यांचे हित आहे.

वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांत पाकोळीच्या कुळातला एक छोटा पक्षी मोठ्या संख्येने घरटी करतो. गुहेच्या मिट्ट काळोखात तो टकटक असे ध्वनी काढतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे ते ओळखतो. वटवाघळांचे असे ध्वनी बहुधा आपल्या कानांच्या पलीकडचे असतात; या पाकोळीचे मात्र माणसाला ऐकू येतात. लाळेने चिकटवलेल्या याच घरट्यांची सूपसाठी तस्करी झाली आणि त्यांच्या रक्षणासाठी निसर्गप्रेमींना उभे राहावे लागले. त्याच समुद्रात किनाऱ्यालगत फिरणारा हंपबॅक डॉल्फिनही प्रतिध्वनीनेच वाट काढतो. गढूळ खाडीमुखाशी नजर फार लांब पोचत नाही. डॉल्फिनच्या कपाळातला चरबीचा गोळा ध्वनीचा झोत पुढे फेकतो आणि परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत जातो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. शिकार शोधणे, पिल्लाला जवळ ठेवणे, कळपाशी संपर्क राखणे, सारे याच माध्यमातून चालते.

यावर एक शास्त्रीय आक्षेप येऊ शकतो. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते, तर डॉल्फिनचे शोधध्वनी एक लाख हर्ट्झच्याही वर जातात. मग अडथळा कसला? आक्षेप अर्धाच खरा आहे. बोटीचा पंखा वेगाने फिरला की पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांचा आवाज खालच्या पट्टीपासून बऱ्याच वरपर्यंत पसरतो. डॉल्फिन परस्परांना ज्या शिट्ट्यांनी ओळखतात, त्या या आवाजात बुडतात. यंत्रमागाच्या शेडमधला माणूस मोजकेच आणि सोपे बोलतो, तसेच बॉटलनोज डॉल्फिन गोंगाटात आपल्या शिट्ट्या साध्या करतात, असे अभ्यासात आढळले आहे. वेग कमी केला की बुडबुडे घटतात आणि आवाजही उतरतो. शिवाय बोट अंगावर येण्याचा धोकाही कमी होतो.

बोटवाल्यांचा अनुभव वेगळा असतो: डॉल्फिन रोज येतात, म्हणजे त्यांना त्रास नसणार. इथे ऑस्ट्रेलियातील शार्क बेचा अभ्यास डोळे उघडतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकाच उपसागरात आधी एकही नाही, मग एक आणि नंतर दोन सफर-व्यावसायिक, अशा सलग कालखंडांची तुलना होती. दुसरा व्यावसायिक आल्यावर त्या भागातले डॉल्फिन सुमारे 15 टक्क्यांनी घटले. शेजारच्या, पर्यटन नसलेल्या भागात तशी घट दिसली नाही. संवेदनशील प्राणी निघून जातात आणि उरलेले सोशिक प्राणी पाहून आपल्याला सगळे ठीक वाटते. पुढे तिथल्या सरकारने एक परवाना कमी केला. ते डॉल्फिन वेगळ्या जातीचे होते, हे खरे. पण आपला हंपबॅक अधिक बुजरा आहे, बोटीच्या नाळेपुढे खेळायला तो क्वचितच येतो. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यातच राहतो, त्यामुळे त्याला बाजूला सरकायला जागा थोडी. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांत साधारण तीन वर्षांचे अंतर असते. जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे, तर आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण त्याला आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप जाळ्यांचा आहे. डॉल्फिनचा जीव जाळ्यात अडकून जातो, मग पोटासाठी बोट चालवणाऱ्यावरच निर्बंध का? जाळ्यांचा धोका मोठाच आहे. म्हणूनच संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी मच्छीमारांना भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने 2018 मध्ये आणली. पण मोठा धोका आहे म्हणून छोटा धोका माफ होत नाही. जाळी, सांडपाणी आणि गोंगाट यांचा भार त्याच थोड्या डॉल्फिनांवर एकत्र पडतो. त्यांतला गोंगाट जवळपास बिनखर्चाने आणि आजच्या आज कमी करता येतो. मात्र नियम वरून लादून चालणार नाही. 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला, हा धडा ताजा आहे. बोटवाल्यांनी गावागावांत एकत्र बसून ठरवलेला नियमच पाण्यात टिकेल.

नियम फार नकोत. न्यूझीलंडमध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या 300 मीटरच्या आत एका वेळी तीनहून अधिक बोटींना मुभा नाही, आणि तिथे वेगही मंद ठेवावा लागतो. आपल्याकडेही बोटींची संख्या ठरवावी, कळपाला बाजूने समांतर गाठावे, पुढून आडवे जाऊ नये, इंजिन न्यूट्रलला ठेवावे आणि काही मिनिटांनी निघावे. पिल्लू असेल तर त्याआधीच. गुहांजवळ, विशेषतः विणीच्या काळात, आरडाओरडा टाळावा. यातला निर्णायक वाटा घाटावरून येणाऱ्या पर्यटकाचा आहे, कारण बोट पळते ती त्याच्या आग्रहाने. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ ही अट म्हणजे पाठलागाचे आमंत्रणच. भाडे दर्शनाचे नसून समुद्रफेरीचे आणि तांडेलाच्या जाणतेपणाचे आहे, हे गिऱ्हाइकाने मान्य केले, तर संथ बोट चालवणाऱ्याचे नुकसान होणार नाही. आणि त्याच्या मुलांनाही हा धंदा करता यावा, इतके डॉल्फिन या किनाऱ्यावर उरतील.